सेटिंग्जचं पॅनेल बनवताय? मग आधी ‘रीसेट’चं बघा

एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम) असो, नाहीतर ऑफिसातलं एखादं इन्टर्नल टूल, सेटिंग्जचं पॅनेल नेहमी रिलीजच्या आदल्या दोन दिवसांत उरकलं जातं. कोड चालायला लागला की हार्डकोड केलेलं (कोडमध्येच थेट लिहून ठेवलेलं) जे जे दिसेल त्याचा एकेक चेकबॉक्स करायचा आणि मोकळं व्हायचं. मीही अनेक वर्षं हेच करायचो, मग त्या पॅनेलवरचेच बग निस्तरण्यात जे काय दिवस गेले त्यातून शिकलेलं इथे लिहितोय. उदाहरणं व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), युनिटी (गेम बनवायचं टूल) आणि जुन्या विनफॉर्म्सच्या (विंडोजची अॅप्स बनवायची सोय) प्रॉपर्टी ग्रिडची आहेत कारण मी त्यातच बसलेलो असतो.

पहिलं म्हणजे ते सेटिंग खरंच हवंय का ते विचारा. टीममध्ये दोघांचं जमलं नाही की ‘चल ऑप्शन देऊन टाकू’ म्हणायचं, आपले निम्मे चेकबॉक्स असेच जन्माला येतात. दहा चेकबॉक्स म्हणजे १०२४ कॉम्बिनेशन, त्यातली तुम्ही चार टेस्ट करणार.

दुसरं, सेटिंग आणि प्रॉपर्टी यांची खिचडी करू नका. सेटिंग म्हणजे टूलने कसं वागायचं ते, प्रॉपर्टी म्हणजे समोर जे सिलेक्ट केलंय त्याची रुंदी, रंग, नाव वगैरे. व्हिज्युअल स्टुडिओत एफ-४ दाबल्यावर येते ती प्रॉपर्टीजची विंडो, सिलेक्शन बदललं की तीही बदलते. म्हणून इथे पहिला प्रश्न हा, की एकदम पाच गोष्टी सिलेक्ट केल्या तर काय दाखवायचं? पहिल्याची व्हॅल्यू दाखवून मोकळे झालात तर मेलात, कारण युजरला वाटतं पाचही बटणं १२० रुंदीची आहेत आणि तो नुसतं फील्डमध्ये क्लिक करून बाहेर आला तरी तुमचा कोड पाचही जागी १२० लिहून टाकतो. युनिटीच्या इन्स्पेक्टरमध्ये (तिथलं प्रॉपर्टीजचं पॅनेल) व्हॅल्यू वेगवेगळ्या असल्या की नुसती आडवी रेघ दिसते, तसं करा. आणि युजरने खरोखर बदललंय तेवढंच फील्ड लिहा, बाकीच्यांना हात लावू नका. पाचांचा बदल एका कंट्रोल-झेडमध्ये मागे गेला पाहिजे, पाचदा दाबायला लावू नका.

आता मुख्य मुद्दा. पॅनेलमध्ये व्हॅल्यू दिसते ती तिथे आली कुठून आणि परत जायचं कसं, हे दिसलंच पाहिजे. व्हीएस कोडमध्ये डिफॉल्टवर (टूलने आधीच ठरवलेल्या व्हॅल्यूवर) युजरचं सेटिंग चढतं, त्याच्यावर वर्कस्पेसचं, म्हणजे उघडलेल्या प्रोजेक्टचं, म्हणून कधीकधी माणूस युजर टॅबमध्ये बदल करून करून दमतो आणि काहीच होत नाही, कारण प्रोजेक्टमधल्या सेटिंग्ज-डॉट-जेसन या फाइलने ते आधीच दाबून टाकलेलं असतं. त्यांनी त्यावर उपाय ठेवलेत, बदललेल्या सेटिंगच्या डाव्या बाजूला उभी पट्टी येते, गिअरवर क्लिक केलं की रीसेट मिळतं, सर्चमध्ये ‘@मॉडिफाइड’ हा फिल्टर इंग्रजीत टाकला की फक्त बदललेलीच दिसतात. स्वतःचं पॅनेल बनवताना या तिन्ही गोष्टी बिनधास्त उचला.

विनफॉर्म्सच्या प्रॉपर्टी ग्रिडमध्ये हेच काम बोल्ड अक्षरं करतात, डिफॉल्टपेक्षा वेगळी व्हॅल्यू बोल्ड दिसते. पण तिथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. डिफॉल्टव्हॅल्यू हे अॅट्रिब्यूट (कोडला चिकटवलेली माहितीची चिठ्ठी) लावलं म्हणजे व्हॅल्यू आपोआप सेट होत नाही, ते फक्त ‘डिफॉल्ट हे आहे’ असं डिझायनरला (स्क्रीन मांडायच्या टूलला) सांगतं. माझ्या कंट्रोलमध्ये कन्स्ट्रक्टर (कंट्रोल तयार होताना चालणारा कोड) ५००० देत होता आणि अॅट्रिब्यूटमध्ये ३००० राहून गेलेलं. मग काय, युजर ३००० टाकणार, डिझायनर म्हणणार अरे हे तर डिफॉल्टच आहे, लिहायचं कशाला, फाइल सेव्ह, आणि पुन्हा उघडली की ५०००! ‘तुमचं टूल व्हॅल्यू विसरतं’ अशी तक्रार आली तेव्हा मी सेव्हचा सगळा कोड उलटापालटा केला, चूक होती एका आकड्यात. तेव्हापासून डिफॉल्ट एका कॉन्स्टंटमध्ये ठेवतो आणि दोन्हीकडे तोच वापरतो.

त्यालाच जोडून अजून एक, फाइलमध्ये फक्त बदललेलंच लिहा. सगळी डिफॉल्टं डम्प केलीत तर पुढच्या व्हर्जनमध्ये तुम्ही डिफॉल्ट सुधारलं तरी जुन्या युजरकडे जुनंच चिकटून राहतं.

नावं आणि युनिट. व्हीएस कोडमध्ये सेटिंगच्या नावावरूनच पॅनेलमधलं लेबल तयार होतं, म्हणजे कोडमध्ये घाईत टाकलेलं नाव लोक रोज वाचणार. ‘डिसेबल’ने सुरू होणारे चेकबॉक्स टाळा, टिक काढली म्हणजे चालू की बंद हे दोनदा वाचावं लागतं. आमच्याकडे नुसतं ‘टाइमआउट’ नावाचं सेटिंग होतं, एका पोराने ३० टाकलं, त्याला वाटलं सेकंद, कोड धरून बसला मिलिसेकंद, आणि नेटवर्क खराब आहे म्हणून अर्धा दिवस आयटीवाल्यांशी भांडण. युनिट लेबलमध्ये लिहा, मिनिमम-मॅक्सिमम द्या, आणि ठरावीक पर्याय असतील तर टेक्स्टबॉक्सऐवजी ड्रॉपडाउन द्या, प्रत्येक पर्यायाखाली एक ओळ माहितीसकट. नाव नंतर बदलायचंच असेल तर काही व्हर्जन जुनं नावही वाचत राहा आणि डेप्रिकेशनचा (‘हे नाव आता जुनं झालंय’ असा) मेसेज दाखवा.

लगेच लागू की ओके दाबल्यावर? व्हीएस कोड लगेच सेव्ह करतो, इन्टेलिजे या एडिटरमध्ये अप्लाय आणि ओके आहेत, दोन्ही चालतं, फक्त एकाच पॅनेलमध्ये दोन्ही नको. लगेच लागू करत असाल तर पोर्ट नंबरसारख्या फील्डवर जरा थांबा, नाहीतर माणूस ८०८० टाइप करत असताना ८ वरच सर्व्हर रीस्टार्ट व्हायला निघतो. रीस्टार्ट लागत असेल तर तिथेच शेजारी सांगा.

सुरक्षेचं विसरू नका. एखाद्या प्रोग्रामचा पाथ सेटिंगमध्ये घेत असाल आणि तो वर्कस्पेसमधून बदलता येत असेल, तर कुणाचाही रेपो (कोडचं फोल्डर) उघडल्यावर त्याचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालू शकतो. व्हीएस कोडमध्ये अशा सेटिंगला मशीन स्कोप द्या (मग ते वर्कस्पेसमधून बदलता येत नाही), किंवा वर्कस्पेस ट्रस्ट (या फोल्डरवर विश्वास आहे का ते विचारणारी सोय) जे २०२१ मध्ये आलं त्यात ते रिस्ट्रिक्टेड म्हणून नोंदवा. टोकन आणि पासवर्ड तर सेटिंगमध्ये नकोच, ती फाइल गिटमध्ये (कोड साठवून शेअर करायच्या सिस्टीममध्ये) कमिट होऊ शकते, सीक्रेट स्टोरेज (गुपितं ठेवायची वेगळी जागा) त्याच्यासाठीच आहे.

शेवटी पॅनेल ३०० पिक्सेलला दाबून बघा, लोक ते कोपऱ्यात डॉक करूनच वापरतात. मग शेजारच्याला बसवा, पाच व्हॅल्यू बिघडवायला सांगा आणि म्हणा आता सगळं पहिल्यासारखं कर. त्याने जेसन फाइल उघडली तर रीसेटचं काम अजून बाकी आहे.