स्वतः बनवलेल्या एलईडी दिव्याचा टच स्विच बिघडल्यास दोष कसा शोधावा

घरी बनवलेला टेबललॅम्प स्पर्शाने लागेनासा झाला, किंवा कोणी हात न लावताच मध्यरात्री लागू लागला, की पहिला विचार येतो तो टच मोड्यूल, म्हणजे स्पर्श ओळखणारी छोटी पाटी, बदलण्याचा. ते सर्वांत शेवटी बदलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोड्यूल स्वस्त असल्यामुळे संशय त्याच्यावर लवकर जातो. दोष मात्र बहुधा वीजपुरवठ्यात, स्पर्शासाठी लावलेल्या पत्र्यात किंवा एलईडी पट्टी चालवणाऱ्या मॉस्फेटमध्ये (स्विचचे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये) असतो. येथे १२ व्होल्टची एलईडी पट्टी, टीटीपी २२३ चिपचे मोड्यूल आणि एक मॉस्फेट अशी नेहमीची जोडणी गृहीत धरली आहे.

काम सुरू करण्यापूर्वी अडॅप्टर प्लगमधून काढावा. ट्रान्सफॉर्मर नसलेला, थेट २३० व्होल्टवर चालणारा स्वस्त ड्रायव्हर दिव्यात वापरला असेल, तर त्याच्याशी टच स्विचचा पत्रा कधीही जोडू नये. तसा जोडलेला असल्यास दुरुस्तीच्या फंदात न पडता तो ड्रायव्हर काढून टाकावा आणि चांगल्या प्रतीचा, विलगीकरण असलेला, म्हणजे आउटपुट २३० व्होल्टच्या बाजूपासून वेगळे ठेवणारा, अडॅप्टर बसवावा.

पहिली पायरी म्हणजे दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवणे. अनेक मोड्यूलवर एक लहानसा एलईडी असतो. पत्र्याला बोट लावल्यावर तो लागतो आणि दिवा मात्र लागत नाही, असे दिसल्यास स्पर्श ओळखला जात आहे आणि बिघाड पुढे, मॉस्फेटकडे आहे. तो एलईडीही लागत नसेल, किंवा आपोआप लागत-विझत असेल, तर बिघाड अलीकडे आहे. असा एलईडी नसल्यास मल्टिमीटरने मोड्यूलच्या आउटपुटवरील व्होल्टेज पाहावे. स्पर्श केल्यावर ते शून्याच्या जवळून पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत चढले पाहिजे.

अलीकडच्या बाजूची तपासणी पुरवठ्यापासून करावी. ही चिप २ ते ५.५ व्होल्टवर चालते. १२ व्होल्ट चुकून थेट पोहोचले असतील, तर ती निकामी झाली असे समजावे. व्होल्टेज योग्य असूनही दिवा आपोआप लागत असेल, तर मोड्यूलला अडॅप्टरऐवजी पेन्सिल सेलच्या तीन सेलवर चालवून पाहावे. माझ्या सागवानी बैठकीच्या दिव्यात याच एका चाचणीने आठवडाभराचे कोडे सुटले होते: सेलवर मोड्यूल शांत होते आणि अडॅप्टर लावताच पुन्हा अस्वस्थ होत होते. बोटामुळे पत्र्याच्या धारितेत (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) पडणारी भर जेमतेम काही पिकोफॅरड असते आणि चिप तेवढाच फरक मोजते. त्यामुळे अडॅप्टरमधून येणारा खरखराट तिला स्पर्शासारखाच वाटतो. यावर उपाय म्हणून मोड्यूलच्या पायांजवळच १०४ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावावा. तेवढ्याने भागले नाही, तर अडॅप्टर बदलावा. सेलवर चालवताना संवेदनशीलता थोडी कमी वाटल्यास घाबरू नये. जमिनीशी असलेला संबंध तुटल्याने तसे होते.

आता पत्रा. दिव्याची संपूर्ण धातूची बैठक स्पर्शासाठी वापरण्याचा मोह होतो, पण क्षेत्रफळ वाढले की मूळ धारिताही वाढते आणि बोटाची भर तिच्यात बुडून जाते. नाण्याएवढा पत्रा पुरतो. पत्र्यापासून मोड्यूलपर्यंतची तार शक्य तितकी आखूड ठेवावी आणि ती एलईडीच्या तारांसोबत पिळू नये. पावसाळ्यात लाकूड दमट झाल्यावर त्रास वाढत असेल, तर पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये प्लॅस्टिकची चकती घालावी. स्विच अतिसंवेदनशील असल्यास मोड्यूलवर कपॅसिटरसाठी सोडलेल्या रिकाम्या जागी ५० पिकोफॅरडपर्यंतचा कपॅसिटर जोडता येतो. त्याचे मूल्य जितके मोठे, तितकी संवेदनशीलता कमी होते.

बोट ठेवेपर्यंतच दिवा लागतो आणि उचलताच विझतो, ही तक्रार बिघाडाची नाही. बहुतेक मोड्यूलवर ए आणि बी अशा दोन जागा असतात. त्यांपैकी बी सोल्डरने जोडल्यास प्रत्येक स्पर्शाला स्थिती बदलते. ए जोडल्यास आउटपुट उलटते, म्हणून ती चुकून जोडली गेली नाही ना, हे भिंगातून पाहावे.

पुढच्या बाजूला दिवा मंद लागतो आणि मॉस्फेट तापतो, असे आढळल्यास त्याचा क्रमांक वाचावा. आयआरएफझेड ४४ एन हा सहज मिळणारा मॉस्फेट गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या पायाला, ५ व्होल्ट दिल्यावर पूर्ण उघडत नाही. त्याऐवजी आयआरएलझेड ४४ एन वापरावा. दिवा कायमचा लागलेला राहत असेल, तर गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आहे का, ते तपासावे. तो असूनही दिवा विझत नसेल, तर पुरवठा काढून मॉस्फेट सुटा करावा, त्याचे गेट व सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवावेत आणि मग ड्रेन व सोर्स या, एलईडीचा प्रवाह वाहणाऱ्या, दोन पायांमधला रोध दोन्ही दिशांनी मोजावा. दोन्ही वेळा जवळजवळ शून्य आल्यास मॉस्फेट जळाला आहे.

शेवटची चाचणी बैठकीचे झाकण बसवल्यावरच करावी, कारण झाकण आणि तारा यांची जागा बदलली की पत्र्याची धारिताही बदलते. पुरवठा सुरू केल्यावर सुमारे अर्धा सेकंद चिप स्वतःला जुळवून घेते, म्हणून प्लग लावताना हात पत्र्यापासून दूर ठेवावा.