एअर रायफलवरच्या स्कोपचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून

काल एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसणारे छर्रे आज दोन बोटं डावीकडे जाऊ लागले, की बहुतेक जण स्कोपचे (नेम धरायच्या दुर्बिणीचे) नॉब फिरवत बसतात. त्याआधी स्क्रू तपासा. दोष बऱ्याचदा तिथेच असतो.

स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबताच जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरते. पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढे उसळते. एका छर्‍यामागे असे दोन उलट धक्के बसतात, म्हणून दिसायला साधी असली तरी ही रायफल स्कोपला जड जाते. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच आट्यांत घर्षण टिकतं. आट्यांना तेल असेल, माउंट (स्कोप धरणारा पाया) रेलवर (रायफलीवरच्या पट्टीवर) वाकडं बसलं असेल किंवा एक बाजू जास्त आवळली असेल, तर ताण हळूहळू उतरतो आणि स्क्रू फिरू लागतो. नुसतं जोर लावून आवळल्याने यातलं काहीच सुटत नाही.

रायफल रिकामी आहे, नळीत छर्रा नाही, हे पाहूनच काम सुरू करा. स्कोप आणि माउंट काढा. सगळे स्क्रू, त्यांची भोकं आणि रेलची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते सहज मिळतं. डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची आपल्याकडची सवय इथे घातक आहे, कारण मागे तेलाचा थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यात बहुधा तेलकट घटक असतात. अल्कोहोल स्कोपच्या काचेवर किंवा दस्त्याच्या पॉलिशवर सांडू देऊ नका.

माउंट रेलवर बसवताना स्टॉप पिन (माउंटला मागे सरकण्यापासून अडवणारी खिळी) विसरू नका. स्प्रिंगच्या रायफलीवर स्कोप मागच्या बाजूला सरकतो. म्हणून रायफलीवर त्यासाठी भोक असेल तर पिन त्यातच उतरवा. रेल आडव्या खाचांची असेल तर माउंट मागे दाबून, खाचेच्या मागच्या कडेला टेकवून मगच आवळा. पिन नसेल तर सगळा भार स्क्रूंवर येतो, आणि तिथे उत्तम स्क्रूही हरतो.

आता आवळणं. रिंगच्या (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्याच्या) वरच्या टोपीचे स्क्रू 15 ते 18 इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप), म्हणजे साधारण 1.7 ते 2 न्यूटन-मीटर, एवढेच. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा आणि समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून, तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे घ्या. जास्त पिळलं तर स्कोपची नळी दबते. खालच्या माउंटसाठी उत्पादकाने दिलेला आकडा पाळा. इंटरनेटवर 65 इंच-पाउंड दिसेल, तो पोलादी पिकॅटिनी (आडव्या खाचांच्या) रेलवरच्या जाड आडव्या बोल्टसाठी असतो. 11 मिलिमीटर खाचेच्या ॲल्युमिनियम माउंटवर तो वापरला तर आटे गेलेच म्हणून समजा. एवढा लहान टॉर्क पाना (ठरलेल्या आकड्याएवढाच जोर लावणारा) हार्डवेअरच्या दुकानात क्वचितच असतो. छत्रपती संभाजीनगरात औद्योगिक हत्यारांच्या दुकानांत किंवा गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी करा. पाना नसेलच तर एल-कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांत धरून फिरवा, म्हणजे हाताचा जोर आपोआप मर्यादित राहतो. झिजलेली एल-की मात्र फेकून द्या, ती स्क्रूचं डोकं गोल करते.

लगेच थ्रेडलॉकर (आट्यांत सुकून स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावू नका. आधी 20-30 छर्रे मारा, माउंट बसू द्या, पुन्हा आवळून पाहा. मग माउंटचे स्क्रू एकेक करून काढा, म्हणजे जागा हलत नाही, आणि प्रत्येकावर निळ्या थ्रेडलॉकरचा एक लहान थेंब द्या. ओला थ्रेडलॉकर वंगणासारखा वागतो, त्यामुळे त्याच आकड्याला ताण जास्त येतो. म्हणून आकडा थोडा कमी धरा. पूर्ण पकडायला 24 तास लागतात, तोवर रायफल चालवू नका. रिंगच्या टोप्यांवर आम्ही तो लावूच नका असं सांगू. तिथे कोरडे आटे आणि सारखा ताण पुरतो.

मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रिंगच्या कडेलगत स्कोपच्या नळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. रेघ तुटली तर स्क्रू फिरला. पट्टी आणि रिंग यांत फट पडली किंवा पट्टी रिंगखाली दाबली गेली, तर नळी सरकली. थ्रेडलॉकर पकडल्यावर 'जरा आवळून बघू' म्हणून स्क्रू हलवू नका, पकड मोडते. रेघ तुटलेली दिसली तरच काढा, जुना थर ब्रशने साफ करा, पुन्हा लावा.

रेघा जागेवर आहेत आणि तरी छर्रे भटकतात? दस्त्याचे स्क्रू पाहा. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. पुढच्या भागातले दोन आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू उन्हाळ्यात दर पंधरवड्याला तपासावेत. ते लाकडावर दाब देतात, म्हणून बेताने आवळा, नाहीतर लाकूड चेपतं.

निळ्यापेक्षा पक्का धरणारा लाल थ्रेडलॉकर चुकून लागला असेल तर स्क्रू जोराने पिळू नका. आधी रिंग उघडून स्कोप बाजूला ठेवा. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. साधारण 250 अंश सेल्सिअसला थ्रेडलॉकर मऊ पडतो, तेव्हा गरम असतानाच नीट बसणाऱ्या एल-कीने हळूहळू सोडवा.