लंडनची जुनी डबल डेकर कॅनडा-अमेरिकेत चालवायचीये? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकांचा फोन आला, मुलीचं लग्न आहे, वऱ्हाडासाठी लाल डबल डेकर हवीये, आणि भाड्याने घेण्यापेक्षा एखादी विकतच घेतली तर पुढे इतरांच्या लग्नांना भाड्याने देता येईल असा त्यांचा विचार होता. दीड तास बोललो त्यांच्याशी. तेच सगळं इथे लिहितोय, कारण ओंटारियोत गेली सहा वर्षं माझे बरेचसे शनिवार-रविवार एका शेडमध्ये अशाच दोन बसखाली पडून गेलेत, एक रूटमास्टर (लंडनची ती प्रसिद्ध लाल डबल डेकर) आणि एक ब्रिस्टल लोडेका (लंडनबाहेर ब्रिटनमध्ये चालणारी बुटकी डबल डेकर), आणि लोक त्याच त्याच चुका करून चांगल्या गाड्या भंगारात घालवतात हे बघून खरंच जीव तुटतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या बस वय झालं म्हणून बंद पडत नाहीत. तिकडे ब्रिटनमध्ये त्यांना न मागता मिळायचं ते सगळं, म्हणजे छोटे रूट, माफक थंडी, डावीकडचा रस्ता, रात्री तपासणारा डेपोचा फिटर, यातलं इथे काहीच मिळत नाही. ते आपण द्यायचं. दिलं तर चालतात. कॅलिफोर्नियात डेव्हिस गावी युनिट्रान्स ही विद्यार्थ्यांनी चालवलेली बससेवा १९६८ मध्ये लंडनच्या दोन जुन्या डबल डेकरवर सुरू झाली, आणि तिथल्या एका आरटी बसमध्ये (रूटमास्टरच्या आधीची लंडनची डबल डेकर) आता सीएनजीवर चालणारं इंजिन आहे. स्टिअरिंगवर कॉलेजची पोरं असतात!

विकत घेतानाच्या चुका

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वर्ष न बघता बस घेणं. कॅनडात १५ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बसला तो नियम नाहीये, बस १ जानेवारी १९७१ च्या आधी बनलेली हवी. शेवटची रूटमास्टर १९६८ ची, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. पण स्वस्तात मिळते म्हणून कोणी १९७५ ची डेमलर फ्लीटलाइन (ही रूटमास्टरनंतरची डबल डेकर) घेतली तर ती बंदरातच अडकणार. अमेरिकेत बसलाही २५ वर्षांचा हिशोब चालतो, म्हणून सत्तरच्या दशकातल्या फ्लीटलाइन तिकडे टूरवर दिसायच्या आणि ते बघूनच इकडचे लोक फसतात.

आता नंबर प्लेट. लंडनच्या बस मोठ्या ओव्हरहॉलला आल्डनहॅम वर्क्समध्ये जायच्या, तिथे बॉडी उचलून बाजूला काढायचे आणि काम झालं की नंबर एकाचा, बॉडी दुसऱ्याची अशी गाडी बाहेर पडायची. म्हणजे प्लेटवरून बॉडीचं वय कळत नाही. बॉडीवरची पाटी आणि कागदपत्रं सगळी जुळवून बघा, सगळ्याचे फोटो काढून घ्या, कस्टमला हेच लागतं.

इंजिनचंही तसंच. रूटमास्टर मूळ एईसीच्या किंवा लेलँडच्या इंजिनची, पण नव्वदच्या दशकात बऱ्याच गाड्यांत कमिन्स नाहीतर इव्हेको बसवली गेली. बॉनेट उघडून न बघता पार्ट मागवलात तर हजार-दोन हजार डॉलर गेलेच समजा. कमिन्स असेल तर मी म्हणेन नशीब चांगलं, इथे कुठल्याही ट्रकवाल्याला ते येतं.

आणि उंची! ओंटारियोत गाडीची उंची ४.१५ मीटरच्या आत लागते आणि रूटमास्टर भरते साधारण ४.३८. म्हणजे परमिट आणि ठरलेला रस्ता याशिवाय बाहेर काढायची नाही, आधी कारने त्या रस्त्यावरून जाऊन पूल आणि वायरी बघून यायच्या. लोडेका मुळात बुटक्या पुलांसाठीच बनवलेली, साडेतेरा फुटांच्या म्हणजे ४.१ मीटरच्या आसपास, म्हणून मी विचारणाऱ्याला लोडेकाच सुचवतो, पण लोकांना फोटोत रूटमास्टरच हवी असते. झाडांचंही बघा. लंडनमध्ये बसच्या रूटवरच्या फांद्या छाटायला वेगळी गाडी फिरायची, इथल्या गल्लीत कोणी छाटत नाही. ब्रिटनमध्ये फांदीचा मार खातो तो वरच्या मजल्याचा डावा पुढचा कोपरा, इथे उजवा खातो, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावरचा. तिथला पत्रा चेपलेला असेल तर आत पाणी झिरपतंय का ते हात घालून बघा.

दरवाजा चुकीच्या बाजूला आहे, पण घाईने कापू नका

मागचा उघडा प्लॅटफॉर्म डावीकडे, म्हणजे इथे तो भर रस्त्यात उघडतो. मग लोक काय करतात, वेल्डरला बोलावतात आणि उजवीकडे भोक पाडतात. थांबा जरा. एकतर उजव्या बाजूला मागे जिना आहे. दुसरं म्हणजे रूटमास्टरला ट्रकसारखी चेसिस नाहीये, ॲल्युमिनियमची बॉडीच सगळा भार घेते आणि पुढे-मागे फक्त दोन सबफ्रेम, म्हणजे छोट्या चौकटी. बाजूचा खांब कापला की सुरुवातीला काहीच दिसत नाही, वर्षभराने वरच्या मजल्याच्या खिडक्या घट्ट व्हायला लागतात, मग रिव्हेट सैल, मग कुठल्याही खड्ड्यात कुरकुर. आरटी किंवा लोडेकाला वेगळी चेसिस आहे, तिथे जमतं, पण तेही बॉडीचं काम येणाऱ्याकडूनच आणि मजबुती करून.

मी तर म्हणतो कापूच नका. प्रवासी पार्किंगमध्ये, रस्त्याबाहेर चढवा-उतरवा, आणि चालताना प्लॅटफॉर्मला मजबूत साखळी लावा. क्युबाने १९६४ मध्ये लेलँडकडून ४०० हून जास्त बस घेतल्या, अमेरिकेचा विरोध असताना, त्या कारखान्यातूनच उजव्या दरवाजाच्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या आल्या, म्हणून हवानाला हा प्रश्नच आला नाही. आपली गाडी तशी बनलेली नाही, हे मान्य करून चालायचं. (त्यातल्या ४२ बस घेऊन निघालेलं मॅग्डेबर्ग जहाज ऑक्टोबर १९६४ मध्ये थेम्स नदीतच दुसऱ्या जहाजाला धडकून कलंडलं, त्यामुळे बस मागवताना जहाजाचा विमा अजिबात वाचवू नका.)

पाना बसत नाही म्हणजे पाना चुकीचा आहे

इथल्या गॅरेजमध्ये दोन प्रकारचे पाने असतात, मेट्रिक आणि अमेरिकन इंचाचे. आपल्या बसचे बरेच नट व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे. जवळपासचा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी घेऊन बसायचं. व्हिटवर्थचा एक जुना सेट घ्या, दुसरं काही घ्यायच्या आधी.

चाकाच्या नटांचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. मागचं डावं चाक काढायचं होतं, टायरच्या दुकानातला मुलगा हवेची गन घेऊन आला, चांगला कामसू मुलगा, मी कागद घ्यायला आत गेलो तेवढ्यात गनचा आवाज सुरू झाला, थांबेचना, आणि मग काडकन आवाज. स्टड तुटला. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश बसना डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, तो सोडवतोय समजून आवळत होता. त्याचा दोष नाही, त्याला सांगायला हवं होतं मी. तेव्हापासून डाव्या चाकांवर पिवळ्या रंगाने मोठा बाण काढून ठेवलाय.

गिअर आणि हवा

आरटी चालवणारे सगळ्यात जास्त इथे चुकतात. तिला प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स आहे, म्हणजे लिव्हर आधी गिअरवर नेऊन ठेवायचा, गिअर बदलतो तो डावा पेडल पूर्ण दाबून सोडल्यावर. हा पेडल क्लच नाहीये! ट्रकच्या सवयीने त्यावर पाय टेकवून अर्धा दाबून ठेवला की गिअरबॉक्सच्या आतले ब्रेक बँड, म्हणजे गिअर धरून ठेवणारे पट्टे, घासून जळतात. आणि हे सगळं हवेवर चालतं, सकाळी इंजिन सुरू करून टाकीत हवा पूर्ण भरायच्या आत निघालात तर बँड नीट धरत नाहीत, गाडी ओढत नाही, माणूस अजून रेस करतो, आणि त्यातच गिअरबॉक्स जातो. गेजचा काटा वर येईपर्यंत चहा प्या.

गाडी सिग्नलला उभी असताना गिअरमध्ये ठेवू नका, न्यूट्रल करा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचच्या जागी फ्लुइड फ्लायव्हील आहे, ते तेलावर फिरतं, गिअरमध्ये उभं राहिलं की तेल तापतं आणि सील गळायला लागतं. हायवेवरही जपून, या गाड्या ताशी ४०-४५ मैलांच्या पुढे जायला बनलेल्याच नाहीत. बंदरातून घरापर्यंत चालवत आणायचा मोह होतो, मला कळतं, पण लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर घालून आणा.

लोडेकाचं वेगळं, तिच्यात बहुतेक साधा मॅन्युअल गिअर, आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांसारखं डबल क्लच मारायला लागतं. महाराष्ट्रात लॉरी चालवलेला कोणी नातेवाईक असेल तर त्याला घेऊन या, इथल्या पोरांपेक्षा लवकर जमेल त्याला.

हिवाळा

कॅनडात या बस मारतो तो हिवाळाच. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी बाहेर काढायची नाही, एक दिवसही नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी बोल्ट जिथे भिडतो तिथे मिठाचं पाणी गेलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, रंगाखाली फुगवटा दिसेपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं. छप्पर कापून ओपन टॉप केलेल्या गाड्यांत तर पाणी जिन्यावरून खाली येऊन लाकडी फळ्या कुजवतं, गालिचा उचलून अंगठ्याने दाबून बघा.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, अँटीफ्रीझ. इंजिनचा ब्लॉक तापवायला विजेच्या प्लगवर चालणारा हीटर लावून घ्या, थंड डिझेल इंजिनवर सारखा स्टार्टिंग स्प्रे मारणं बंद करा. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढणं हे तर दर वेळचं काम आहे. खाली वाकून कॉक उघडला की आधी दुधी-तपकिरी, तेलकट पाणी फस्सकन येतं, मग नुसती कोरडी हवा, ती आली की बंद. हे राहिलं आणि रात्री उणे पंधरा झालं तर सकाळी व्हॉल्व्हमध्ये बर्फ, आणि ब्रेक हवेवर चालणारे असतील तर त्यांची खात्री नाही. आणि हो, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ड्रम उघडल्यावर हवेने फुंकू नका.

उभ्या गाडीचं इंजिन आठवड्यातून पाच मिनिटं सुरू करून बंद करणारे बरेच आहेत, त्याने उलट आत ओल धरते. करायचंच तर नीट गरम होईपर्यंत चालवा आणि आवारातल्या आवारात पुढे-मागे फिरवा, म्हणजे ब्रेकही मोकळे राहतात.

कंडक्टर हवाच

ही चूक लग्नवाले करतात. ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमध्ये एकटा, त्याला मागचा प्लॅटफॉर्म दिसत नाही, आणि इथे तर तो रस्त्याच्या बाजूला. त्याला आतलं कळायचा मार्ग एकच, बेल. मुंबईत बेस्टच्या डबल डेकरमध्ये वाढलेल्यांना शिकवायला लागत नाही, एक टोला थांब, दोन टोले चल, हे तिथेही लंडनसारखंच होतं, आणि २०२३ च्या सप्टेंबरात मुंबईत रूटवरची शेवटची डिझेल डबल डेकर गेली तेव्हा मी इकडे शेडमध्ये आमच्या बेलची दोरी नवीन बांधत होतो. वऱ्हाडातली मुलं दोरी ओढणारच, म्हणून बेलपाशी एक जबाबदार माणूस उभा करा, त्याचं काम तेवढंच. जिन्यावर कोणी नाही, प्लॅटफॉर्मवर कोणी नाही, वरच्या मजल्यावरची मागची इमर्जन्सी खिडकी फुलांच्या माळांनी बांधलेली नाही, हे बघून मगच त्याने दोन टोले द्यायचे. ते ऐकू आल्याशिवाय ड्रायव्हरने ब्रेक सोडायचा नाही, नवरदेवाने हाक मारली तरी.