मोकळ्या जागेच्या फोटोत गेलेलं माणूस कसं आणायचं

नुसती रिकामी जागा काढून काय होत नाही भावा. रंकाळ्यावरचा मोकळा बाक आणि मागं सूर्यास्त, असले फोटो ढिगानं पडलेत, त्यात तुमचं कोण गेलंय ते कुणाला कळणार? आधी ते माणूस रोज कुठं बसायचं, कशाला हात लावायचं ते आठवा आणि तिथंच जावा. माझे बाबा कुस्तीतले म्हणून मी तालीम धरली, तुमची आजी पंचगंगेवर जात असली तर घाट धरा.

तालमीचंच सांगतो. वस्तादांना विचारल्याशिवाय आत जायचं नाही, पायताण बाहेर. सकाळची मेहनत उरकून पोरं गेली की हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, मोकळा असतोय, तांबड्या मातीत गुडघ्याचे, पंज्यांचे ठसे तसेच असतात. खिडकीतनं ऊन तिरकं येतंय तवाच काढा, तिरक्या उजेडात प्रत्येक ठशाला सावली पडते, ऊन डोक्यावर आलं की तीच माती सपाट दिसते. आणि मोबाईलला अंधारी खोली दिसली की तो आपल्या मनानं उजळ करतो, सगळा मूड जातो, म्हणून स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, खाली ओढायचं. फ्लॅश बंद. प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हातानं बदलायच्या मोडमध्ये, आयएसओ (उजेड टिपायची संवेदना) 100 ठेवला तर शटर 1/8 सेकंद वगैरे स्लो होतो, हातात हलणारच, तवा फोन कशाला तरी टेकवून 2 सेकंदांचा टायमर लावा. खाली बसून काढा. ब्लॅक अँड व्हाईट करायची घाई नको, तांबडी माती घालवून मग उरतंय काय?

आता दुसरी गोष्ट, माणूस गेल्यावरबी पुढं आशा आहे हे फोटोत कसं दाखवायचं. उगवता सूर्य घातला की त्याचा गुड मॉर्निंग मेसेज झालाच म्हणून समजा! त्यापेक्षा तीच जागा, तीच फ्रेम पुन्हा काढा. आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नावाचं ते, त्या संगीत नट केशवरावांची जयंती, अख्खं कोल्हापूर हळहळलं. तेव्हा रस्त्यावरनं कुणी एक फोटो काढला असेल तर आता त्याच जागी उभं राहून दुसरा काढावा. तालमीत तर तेवढं थांबायलाबी लागत नाही, पोरं फावड्यानं माती उकरून हौद पुन्हा तयार करतात, ठसे गेलेले असतात. पहिल्या वेळी पाय कुठं होते, झूम किती होता ते लिहून ठेवा, नाहीतर दोन्ही फोटो जुळत नाहीत. मग शेजारी शेजारी एकाच साईजमध्ये प्रिंट मारा, आणि खाली 'मिस यू बाबा' तेवढं लिहू नका.