जुनी लक्झरी सेडान चालवताय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं जुनी मोठी सेडान दारात आली की पहिले काही महिने माणूस हवेत असतो, त्या सीट काय, ती शांतता काय, दार लावताना येणारा तो जड ठप् आवाज काय, आणि मग एका सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे. एबीएस, ट्रॅक्शन, एअरबॅग, गिअरबॉक्स, सगळ्यांनी एकाच दिवशी मान टाकली की काय असं वाटतं. इथून पुढे बहुतेक जण चुकतात. मी अशीच एक गाडी बरीच वर्षं चालवतोय, तिच्यावर माझा मनापासून जीव आहे, म्हणून कळकळीने सांगतो की या गाड्यांत दुखणं एकीकडे दिसतं आणि मूळ भलतीकडेच असतं, ते सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

बॅटरी न तपासता मॉड्यूलला दोष देणं

या गाड्यांत डझनावारी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाचे छोटे कॉम्प्युटर, असतात आणि ती सतत एकमेकांशी बोलत असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज खूप खाली गेलं की त्यातली काही क्षणभर गप्प होतात, बाकीची "अमुक मॉड्यूलशी संपर्क तुटला" असा फॉल्ट लिहून ठेवतात, आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून हे फॉल्ट वाचायच्या यंत्रावर, वीस कोडची यादी येते. म्हणून आधी मीटर लावा. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. पण नुसतं व्होल्टेज बघून थांबू नका, थकलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ दाखवते आणि लोड आला की बसते, लोड टेस्ट करूनच घ्या.

बॅटरी बदलताना आधी एजीएम (काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये अ‍ॅसिड शोषून ठेवणारी बॅटरी) असेल तर एजीएमच टाका, साधी चालते म्हणून कुणी सांगितलं तरी नको. ज्या बीएमडब्ल्यूमध्ये बॅटरी सेन्सर आहे तिथे नवी बॅटरी स्कॅनरने रजिस्टर करावी लागते, कारण गाडी बॅटरीचं वय धरून चार्जिंग ठरवते, रजिस्टर केली नाही तर नव्या बॅटरीला जुन्यासारखं चार्ज करत बसते.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर लोक करंट मोजायला जातात आणि तिथे घाई करतात. गाडी लॉक केल्यावर सगळी मॉड्यूल झोपायला वीस मिनिटांपासून तासभरही लागू शकतो, त्याआधी मोजलं तर मोठा आकडा येणारच. झोपल्यावर ढोबळमानाने ५० मिलिअँपिअरच्या आत असला की ठीक. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. आणि फ्यूज उपटत बसू नका, उपटला की मॉड्यूल परत जागी होतात. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा, जिथे आकडा दिसेल त्या सर्किटमधून करंट जातोय.

अर्थिंगची पट्टी तर कुणी बघतच नाही. इंजिन आणि बॉडीमधली ती जाळीदार पट्टी आतून गंजते, वरून चांगली दिसते. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.५ व्होल्ट किंवा जास्त फरक दिसला तर पट्टी आणि तिचे जॉइंट आधी साफ करा, वाटलं तर नवी टाका. एवढ्या मोठ्या गाडीतला हा सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक.

वरून कार्पेट कोरडं म्हणजे आत पाणी नाही असं समजणं

हे माझ्या गाडीत झालं. मागची काच मनाला येईल तेव्हा खाली जायची, रिमोटने लॉक कधी व्हायचं कधी नाही. गॅरेजमध्ये आधी काचेची मोटर बदलली, मग स्विच, मग म्हणाले मोठं मॉड्यूल गेलंय. मी एका रविवारी बसून पुढची सीट काढली, कार्पेट उचललं, तर खालचा फोम पिळला की पाणी गळत होतं आणि त्या पाण्यातच वायरिंगचा एक जॉइंट हिरवा पडलेला. पाणी सनरूफच्या तुंबलेल्या नळीतून येत होतं. मोटर आणि स्विच दोन्ही आधीपासून चांगले होते, हे आजही मनाला लागतं.

सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पातळ नळ्या पिलरमधून खाली जातात, त्यात धूळ-पाला अडकतो. वर्षातून दोनदा कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता आणि गाडीखाली थेंब पडतायत का बघा. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी घाला, जोरात हवा मारू नका, नळी आतच निसटते आणि मग पाणी थेट छताच्या कापडात. विंडस्क्रीनखालची पानं साचायची जागा आणि डिक्कीतला स्पेअर व्हीलचा खड्डासुद्धा बघा. ओला झालेला फोम बाहेर काढून वाळवायचा, उन्हात काचा उघड्या ठेवून तो आतल्या आत वाळत नाही.

काच-लॉक-स्पीकर एकाच दाराचे सगळे बिघडले असतील तर दार आणि बॉडीमधली रबरी नळी सरकवून बघा, हजारो वेळा वाकून तिच्यातल्या वायरी तुटतात.

कोड वाचला आणि पार्ट मागवला

कोड सर्किटचं किंवा लक्षणाचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. पी०१७१ आणि पी०१७४ एकत्र आले की दोन्ही बँकला, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांना, मिश्रण पातळ, पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा येतेय एवढाच अर्थ, आणि लोक थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. जुन्या गाडीत बऱ्याचदा ब्रीदरचा पाइप चिरलेला असतो नाहीतर इनटेकची गॅस्केट कडक झालेली असते, स्मोक टेस्ट केली की धूर जिथून येतो तिथे बोट ठेवता येतं.

इंजिन मिसिंग मारत असेल आणि पी०३०३ आला तर तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, दुसऱ्या सिलिंडरवर लावा, कोड तिच्यामागे गेला तर कॉइल, नाही गेला तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. कॉइल काढताना प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरची गॅस्केट आधी, नाहीतर नवी कॉइलही काही महिन्यांत त्याच ऑइलने जाईल. आणि कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, फोटो काढा, पुसलेला पुरावा परत मिळत नाही.

कूलंट नुसतं भरत राहणं

थोडं थोडं कमी होतंय, भरलं की झालं, ही चूक इंजिन खाते. एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, रेडिएटरची मान, हे सगळं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ठिसूळ होतं आणि एक दिवस चालत्या गाडीत फुटतं. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मध्ये धरून ठेवलेला असतो, तो हलला तोपर्यंत इंजिन बरंच तापलेलं असतं. काटा वर जाताना दिसला की पुढच्या वळणापर्यंत असं मनात आणू नका, तिथेच बाजूला घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. आणि गरम असताना टोपी उघडायची नाही.

गळती शोधायला थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट करा. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन वेगळं असू शकतं, हँडबुकमधलं स्पेसिफिकेशन बघा आणि पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच वापरा. काम झाल्यावर हवा नीट काढली नाही तर हीटर थंड हवा देतो आणि आत गरम खिसे तयार होतात.

२००० च्या आसपासच्या काही मर्सिडीजमध्ये रेडिएटरच्या आतून कूलंट गिअरबॉक्स ऑइलमध्ये शिरतं. तशी गाडी असेल आणि हलक्या पिकअपला खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर आधी त्या ऑइलमध्ये ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं रसायन, आहे का तपासा, टायर बॅलन्सिंग नंतर.

गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं मानणं

बऱ्याच गाड्यांच्या कागदांवर तसं लिहिलेलं असायचं. पण झेडएफ, म्हणजे बीएमडब्ल्यूसकट कितीतरी गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. आणि लेव्हल ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवूनच बघायची असते, अंदाजाने ओतलेलं ऑइल झटके देतं आणि मग सगळे गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करतात. मर्सिडीजच्या जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये वायरिंगच्या प्लगची रबरी रिंग गळते आणि ऑइल वायरींमधून चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. तो प्लग हातात मावतो, एकदा उघडून बघाच.

एअर सस्पेन्शन बसल्यावर कॉम्प्रेसर बदलणं

या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगा गाडी उचलून धरतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. रात्रीतून एक कोपरा खाली बसतो, सकाळी कॉम्प्रेसर घरघरत उचलतो, काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जातो. लोक नवा टाकतात, तोही जातो, कारण गळती तशीच असते आणि तो बिचारा न थांबता चालत राहतो. आधी साबणाचं पाणी लावून बॅग, पाइपचे जॉइंट, व्हॉल्व्ह ब्लॉक बघा. कॉम्प्रेसर बदलला तर त्याचा रिलेही (त्याला वीज देणारा-तोडणारा स्विच) नवा घ्या, चिकटलेला रिले कॉम्प्रेसर बंदच होऊ देत नाही. आणि हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कधीही शिरू नका.

पुढच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, गेलेले असताना चाकांची अलाइनमेंट करणं फुकट जातं, बुश आधी.

ब्रेकचं एकच सांगतो पण जीव तोडून सांगतो. २००२ साली आलेल्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रिक पंपाची ब्रेक सिस्टिम होती, २००६ च्या बदलात ती काढली. त्यात नुसतं दार उघडलं किंवा रिमोट दाबला तरी पंप स्वतःहून पॅड दाबू शकतो. पॅड बदलायला बसलेल्या माणसाची बोटं तेव्हा कॅलिपरमध्ये असतात. स्कॅनरने सिस्टिम बंद करून घेतल्याशिवाय चाकालाही हात लावू देऊ नका, आणि काम संपेपर्यंत कुणालाही दार उघडू देऊ नका.