'पित्त झालंय' म्हणून सोडून देऊ नका: कामाच्या ताणात होणाऱ्या चुका

गोव्यात राहून कामाचा ताण आहे म्हटलं, की बाहेरून आलेले पाहुणे हसतात. 'तुम्ही सुशेगाद माणसं, तुम्हाला कसला ताण?' अशांनी एकदा पहाटे साडेपाचला म्हापशाच्या किंवा बांद्याच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहावं. वेर्णे, कुंडई, तुये, पिळर्ण इथे माणसं पाळ्यांत राबतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ऑक्टोबर उजाडला की मार्चपर्यंत साप्ताहिक सुट्टीचाही भरवसा नसतो. पणजीच्या कॅसिनोतली ड्युटी तर गाव झोपायला लागल्यावर सुरू होते. पण सुशेगादपणाचं बिरूद असं चिकटलंय, की ज्याला त्रास होतो त्याला वाटतं आपणच कुठेतरी कमी पडतोय.

औद्योगिक वसाहतीत एचआरचं काम करताना एक गोष्ट सतत दिसते. 'मला ताण आलाय' असं म्हणत जवळपास कुणीच केबिनमध्ये येत नाही. कुणाला पित्त झालेलं असतं, कुणाची मान धरलेली असते, कुणाला झोप नसते, तर कुणाचे घरात रोज खटके उडत असतात. मग सुरू होतात उपाय, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुखण्याचा आणि कामाचा संबंध न लावणं

छातीत जळजळ, डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणं, जबडा आवळून धरणं, पोट बिघडणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, साध्या हिशेबात चुका, लेकरांवर उगाच ओरडणं, सिगारेट-चहा वाढणं ही ताणाची नेहमीची लक्षणं. संकट दिसलं की शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं, हृदय जोरात धावतं, पचन मागे पडतं. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ताणाच्या शारीरिक परिणामांवर लिहिलं. थोडा वेळ ही यंत्रणा कामाचीच असते, ऑडिटच्या आदल्या दिवशी तीच माणसाला उभं ठेवते. ऑडिट संपलं तरी ती बंद होत नाही, तेव्हा दुखणी सुरू होतात.

ओळखायची एक सोपी खूण आहे. सुट्टीच्या दिवशी किंवा गणेश चवथीला गावी गेल्यावर त्रास उतरतो का, आणि कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा पोटात कालवायला लागतं का, ते बघा. तसं होत असेल तर मूळ कामात शोधा. सुट्टीतही काहीच फरक पडत नसेल तर आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण यांतल्या काहींची लक्षणं ताणासारखीच दिसतात.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणत बसू नका. १०८ ला फोन लावा. ताण होता की हृदय, ते इस्पितळात ठरू दे.

'काम जास्त आहे' इथेच विचार थांबवणं

ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. काम जास्त असणं आणि कामावर आपलं काहीच न चालणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये हीच मांडणी केली: कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा थोडी, अशा जागी ताण सर्वांत जास्त. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांतही वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या लोकांत हृदयविकार जास्त आढळला, आणि कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण निघालं.

हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी घ्या. चेक-इन दोनला, हाउसकीपिंगला दोन माणसं कमी, खोली तयार नाही, समोर विमानातून उतरलेलं चिडलेलं कुटुंब. तिला दर कमी करता येत नाही, वरची खोली देता येत नाही, 'सॉरी सर' म्हणून हसणं तेवढं तिच्या हातात. तिचा मॅनेजर तिच्यापेक्षा जास्त तास थांबतो, पण त्याला निर्णय घेता येतो. संध्याकाळी पिळून निघालेली असते ती.

म्हणून आधी नेमकं कुठे दुखतं ते शोधा. दोन आठवडे खिशात छोटी वही ठेवा. चिडचिड झाली, पोट आवळलं, की वेळ, काय चाललं होतं आणि कोण होतं एवढंच एका ओळीत लिहा. मोबाइलवर लिहू नका. तिथे लिहायला गेलात की ऑफिसचा ग्रुप उघडतो.

औषध कंपनीतल्या एका पॅकिंग सुपरवायझरला मी ही वही ठेवायला सांगितली होती. त्याची तक्रार टार्गेटची होती. वहीत टार्गेट फारसं आलंच नाही. बहुतेक नोंदी बॅच बदलायच्या वेळच्या निघाल्या. एक बॅच संपली की जुनी लेबलं, कार्टन, लीफलेट सगळं लाइनवरून काढायचं, मग क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता खात्याचा माणूस येऊन तपासणार आणि लाइन क्लिअरन्सची सही देणार. सही झाल्याशिवाय मशीन हलवायचं नाही. तो येईपर्यंत प्रॉडक्शनचे साहेब फोनवर विचारणार, 'का थांबलात?' दोन्ही खात्यांचं आपापल्या जागी बरोबर होतं आणि हा मधे उभा. त्याच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं लाइनच्या त्या टोकावर रिकामी होत होती.

साहेबांना 'फार ताण आहे' एवढंच सांगणं

यावर साहेब 'सगळ्यांनाच आहे' म्हणतो आणि विषय मिटतो. शिफ्ट संपताना, जिन्यात किंवा रागाच्या भरात तर बोलूच नका. वेळ मागून घ्या, एकच अडचण सांगा आणि सोबत एक मागणी ठेवा. त्या सुपरवायझरचं बोलणं साधारण असं झालं:

"सर, बॅच बदलताना सहीसाठी प्रत्येक वेळी लाइन थांबते आणि तो वेळ माझ्या लॉसमध्ये धरला जातो. बॅच संपायच्या अर्धा तास आधी मी क्यूएला कळवतो. तरी थांबावं लागलं तर तो वेळ वेगळ्या रकान्यात लिहूया का?"

"बघू या."

"मग सोमवारी विचारू का, सर?"

हे शेवटचं वाक्य विसरू नका. 'बघू या' हा आपल्याकडचा अर्धा नकार असतो. तारीख घातली की त्याचं उत्तर द्यावं लागतं. बोलणं झाल्यावर दोन ओळींचा मेल टाकून ठेवा.

त्रास खुद्द वरिष्ठाचाच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एचआर, युनियन किंवा वरचा वरिष्ठ गाठा आणि नोंदी तारखेनिशी ठेवा. लैंगिक छळ असेल तर त्याला 'ताण' म्हणून सहन करू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि लेखी तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

ताण उतरवायला पेला

गोव्यात हे लिहिणं अवघड. दारू स्वस्त, बार घराच्या वाटेवर, आणि ड्युटी सुटल्यावर 'चल, एक मारूया' ही मैत्रीची रीत. दारूने झोप लवकर लागते हे खरं आहे, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. पहाटे जाग येते, दुसऱ्या दिवशी माणूस आणखी थकलेला, आणि संध्याकाळी पुन्हा तोच उपाय. कॉफी-चहाचंही गणित बघा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन अकराला अजून रक्तात फिरत असतं.

पिणं हाताबाहेर गेलेल्या पुरुषांसाठी संगाथ या गोव्यातल्याच संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजक्या बैठकांचं समुपदेशन करून पाहिलं. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा परिणाम चांगला दिसला. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात अचानक बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून करावं.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. सहकाऱ्याच्या पाकिटातली एक मागून घेऊ नका.

आवडीचं तेवढं आधी सोडणं

माणूस थकला की सगळ्यांत आधी काय सोडतो? नोकरी सोडता येत नाही, घर सोडता येत नाही. मग जत्रेच्या नाटकाची तालीम सुटते, भजन सुटतं, रविवारचा फुटबॉल सुटतो. 'यंदा मला भूमिका नको, वेळ नाही.' वरवर शहाणपणाचं वाटतं. पण ज्या जागी आपल्याला कुणी 'एम्प्लॉयी' म्हणून ओळखत नाही, ती जागाच गेली तर उरतं काय? घरी येऊन मोबाइल चाळत पडून राहणं, त्यात विश्रांती फारशी नसते.

संगाथचाच नैराश्यावरचा दुसरा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या समुपदेशनाचा गाभा हाच होता: सोडून दिलेल्या, बरं वाटणाऱ्या गोष्टी छोट्या तुकड्यांत, ठरवून पुन्हा सुरू करायच्या. मन लागेल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, कारण तसं मन आपसूक लागत नाही. तेव्हा नाटकात नायक होऊ नका, पण दोन प्रवेशांची भूमिका घ्या. प्रॉम्प्टिंग करा.

सुट्टी साठवत राहणं

'सीझन संपू दे, पावसात आराम करू.' हॉटेलवाल्यांचं हे ठरलेलं वाक्य. पाऊस येतो तेव्हा साठलेल्या झोपेची भरपाई काही होत नाही, कारण आराम रोजच्या रोज लागतो. चवथीच्या रजेचं तर बोलूच नका. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधणारे दमतात आणि स्वयंपाकघरातल्या बायका त्याहून दमतात. नोकरी करणाऱ्या सुनेची ती रजा म्हणजे दुसरी शिफ्ट, हे घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

रात्रपाळीनंतर तशीच स्कूटर काढणं

डुलकी दोन सेकंदांची असली तरी हायवेवर तेवढी पुरते. निघण्याआधी वीस मिनिटं डोळे मिटा किंवा कंपनीच्या बसने या. रात्रपाळीच्या उत्तरार्धात कॉफी नको. घरी खोली पूर्ण काळोखी करा आणि फोन बाहेर ठेवा. रोस्टर बनवण्यात तुमचा शब्द चालत असेल तर पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत ठेवा. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो.

कार्यशाळा झाली म्हणजे काम झालं असं मानणं

हे कंपन्यांसाठी. जेवणाची सुट्टी कापून कॉन्फरन्स हॉलमध्ये 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं व्याख्यान ठेवण्यातला विनोद आयोजकांच्या लक्षात येत नाही. श्वास सावकाश सोडायचा सराव त्या क्षणी धडधड कमी करतो, जरूर शिकवा. पण त्याने रोस्टर बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाची रचना सुधारणं आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणं यांवर भर आहे.

डॉक्टरकडे जायला उशीर

बर्नआउट हा शब्द आता सगळेच वापरतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या करताना तो कामाशी निगडित प्रकार आहे, स्वतंत्र आजार नव्हे, असं स्पष्ट केलं आणि तीन खुणा दिल्या: गळून जाणं, कामाबद्दल तिटकारा किंवा अलिप्तपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मात्र दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असं मनात येत असेल तर थांबू नका: टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मनोविकारांच्या सरकारी इस्पितळात जायला अजून लोक कचरतात, कुणी बघेल म्हणून. कचरत असाल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, पण जा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक आहे. पॉलिसीची कागदपत्रं एकदा काढून बघा.

आणि मोठ्या रजेवरून परतताना सोमवारी हजर होऊ नका. बुधवार किंवा गुरुवार निवडा, म्हणजे पहिला आठवडा तीनेक दिवसांचा होतो. आल्याआल्या कोणतं काम हातात घ्यायचं आणि कोणतं पंधरा दिवस दुसऱ्याकडेच राहू द्यायचं, हे साहेबांकडून आधीच लिहून घ्या.