फ्रेडरिक द ग्रेटवर तासाभराचे व्याख्यान कसे तयार करावे

सोलापुरात इतिहासाच्या व्याख्यानाला येणारा श्रोता जाणकार असतो. त्यात निवृत्त शिक्षक असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली असतात आणि यंत्रमागाच्या धंद्यात आयुष्य गेलेली, वाचनाची आवड टिकवून ठेवलेली माणसेही असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थेत, महाविद्यालयात किंवा एखाद्या अभ्यासमंडळात प्रशिया या जर्मन राज्याच्या दुसऱ्या फ्रेडरिकवर, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेटवर, बोलायचे ठरले, तर या श्रोत्याला पाठ्यपुस्तकातला ‘प्रबुद्ध हुकूमशहा’ पुन्हा ऐकवून भागत नाही. अशा व्याख्यानाची तयारी कशी करावी, कशावर वेळ द्यावा आणि काय निःशंकपणे गाळावे, हे पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी जन्मापासून मृत्यूपर्यंत ओळीने सांगत जाण्याचा विचार सोडून द्यावा. फ्रेडरिक 24 जानेवारी 1712 रोजी बर्लिनमध्ये जन्मला आणि 17 ऑगस्ट 1786 रोजी पॉट्सडॅमच्या सांसूसी राजवाड्यात वारला. त्याने 46 वर्षे राज्य केले. ही सगळी वर्षे क्रमाने सांगू लागणारा वक्ता चाळिसाव्या मिनिटाला जेमतेम सप्तवार्षिक युद्धापाशी (1756 ते 1763, प्रशियाविरुद्ध ऑस्ट्रिया, फ्रान्स व रशिया) पोहोचतो आणि उरलेली 23 वर्षे घाईत उरकतो. त्याऐवजी डिसेंबर 1740 हा महिना व्याख्यानाच्या मध्यभागी ठेवावा. गादीवर येऊन सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा फ्रेडरिकने ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात सैन्य घुसवले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील बहुतेक सर्व गोष्टी, त्याची कीर्ती आणि त्याची संकटे धरून, या एका निर्णयातून निघाल्या. त्याआधीचे सर्व या निर्णयाकडे नेणारे म्हणून आणि त्यानंतरचे सर्व त्याची किंमत म्हणून सांगितले, की तासाभरात विषय आटोक्यात येतो.

तयारीला बसताना एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात प्रशियाच्या आणि दुसऱ्यात आपल्याकडच्या तारखा लिहाव्यात. 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला पहिले बाजीराव वारले आणि 31 मे रोजी फ्रेडरिक राजा झाला. पुण्यात नानासाहेब पेशवे कारभार हाती घेत होते, त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये हा 28 वर्षांचा राजा आपली पहिली फर्माने काढत होता. 18 जून 1757 रोजी कोलीनला फ्रेडरिकचा पहिला मोठा पराभव झाला आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, 23 जूनला, प्लासीची लढाई झाली. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले. त्या हिवाळ्यात फ्रेडरिक टॉर्गाऊला ऑस्ट्रियावर मिळवलेल्या रक्तबंबाळ विजयानंतर उरलेसुरले सैन्य सावरत बसला होता. ज्यांच्या नावाने सोलापूरचे विद्यापीठ ओळखले जाते त्या अहिल्यादेवी होळकर 1767 पासून माळव्याचा कारभार पाहत होत्या, म्हणजे फ्रेडरिकच्या शेवटच्या 19 वर्षांत त्याही राज्य करत होत्या. या तारखांतून कार्यकारणभाव मात्र काढू नये. प्लासीचा संबंध खरा आहे, कारण इंग्लंड आणि फ्रान्स एकाच झगड्यात युरोपात आणि हिंदुस्थानात लढत होते, आणि 1758 च्या करारानुसार इंग्लंड फ्रेडरिकला वर्षाला 6 लाख 70 हजार पौंड मदत देत होते. पानिपतचा मात्र तसा काही संबंध नाही. ती तारीख केवळ काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगायची.

बालपणाला दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, आणि त्या दहा मिनिटांत एकच प्रसंग नीट उभा करावा. वडील पहिला फ्रेडरिक विल्यम हा ‘सैनिक राजा’ म्हणून ओळखला जाई. उंचापुऱ्या शिपायांची पलटण जमवण्याचे त्याला वेड होते. मुलाने बासरी वाजवणे आणि फ्रेंच पुस्तके वाचणे त्याला खपत नसे, आणि तो त्याला चारचौघांत मारहाण करी. ऑगस्ट 1730 मध्ये अठरा वर्षांच्या युवराजाने पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. त्याचा मित्र लेफ्टनंट हान्स हेर्मान फॉन काटे याला लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली होती; राजाने ती स्वतः बदलून मृत्युदंड केला. 6 नोव्हेंबर 1730 रोजी कुस्ट्रिनच्या किल्ल्यात काटेला वधासाठी नेताना युवराजाला खिडकीशी उभे करण्यात आले. त्याने खिडकीतून फ्रेंचमध्ये मित्राची क्षमा मागितली. हा प्रसंग सावकाश, विशेषणे न लावता सांगावा. त्यावर मानसशास्त्रीय निरूपण करण्याचे टाळावे. पुढे हाच मुलगा वडिलांचे सैन्य आणि वडिलांची तिजोरी वापरून युरोप हादरवतो, एवढे सांगितले तरी श्रोता काय जोडायचे ते स्वतः जोडतो. 1733 चे एलिझाबेथ क्रिस्टिनेशी झालेले लग्न, तिच्याशी त्याने राखलेला दुरावा आणि अपत्य नसणे हे दोन वाक्यांत आटपावे.

आता 1740. येथे घाई करू नये. राजा होताच पहिल्याच आठवड्यात फ्रेडरिकने, राजद्रोहासारखे थोडे अपवाद सोडून, चौकशीतील शारीरिक छळ बंद केला. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मोक्ष साधावा, अशा अर्थाचा शेरा त्याने धर्माच्या प्रश्नावर मारला. त्याच वर्षी राजकारणात कपटही चालते असे मांडणाऱ्या इटालियन लेखक मॅकियाव्हेलीचे खंडन करणारा त्याचा ग्रंथ फ्रेंच लेखक व्होल्तेअरच्या देखरेखीखाली निनावी प्रसिद्ध झाला. त्यात राजा हा राज्याचा पहिला सेवक आहे, असे प्रतिपादन होते. मग 20 ऑक्टोबरला ऑस्ट्रियाचा सम्राट सहावा चार्ल्स वारला, त्याची तेवीस वर्षांची मुलगी मारिया थेरेसा वारस झाली, आणि 16 डिसेंबरला प्रशियाचे सैन्य सायलेशियात शिरले. तिचा वारसा मान्य करण्याचे वचन फ्रेडरिकच्या वडिलांनी दिले होते. ग्रंथ आणि आक्रमण ही दोन्ही एकाच माणसाची, एकाच वर्षातली कृत्ये आहेत, एवढे सांगून वक्त्याने क्षणभर थांबावे.

सायलेशियाच का, हा प्रश्न सोलापूरच्या सभागृहात हमखास विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर येथल्या श्रोत्याला पटकन उमगेल. ओडर नदीकाठचा तो प्रांत दाट वस्तीचा होता, आणि तेथल्या डोंगराळ भागात जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, कापड घरोघरी विणले जाई व दूरदेशी निर्यात होई. विणकर, व्यापारी आणि त्यांच्याकडून येणारा कर मिळून प्रशियासारख्या रेताड जमिनीच्या, गरीब राज्याला एकदम मोठी प्राप्ती होणार होती. वडिलांनी मागे ठेवलेले 80 हजारांहून थोडे अधिक सैन्य आणि भरलेली तिजोरी हाताशी होतीच. मात्र विणकराची मजुरी आणि व्यापाऱ्याचा नफा यांतले अंतर प्रशियाच्या राज्यातही मिटले नाही, हे सांगण्यास विसरू नये. समोर बसलेल्यांपैकी काहींना ते युद्धाच्या हकिकतीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटेल.

लढायांची यादी वाचून दाखवणे हा या विषयाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पहिली मॉलविट्झची लढाई (10 एप्रिल 1741) एका वाक्यात सांगावी: राजा मैदान सोडून गेला आणि त्याच्या मागे सेनापती श्वेरीनने लढाई जिंकली. दुसरे सायलेशिया युद्ध डिसेंबर 1745 च्या ड्रेस्डेन तहाने संपले, असे म्हणून पुढे जावे. सप्तवार्षिक युद्धातून दोनच लढाया निवडाव्यात. लॉयथेनची लढाई (5 डिसेंबर 1757) फळ्यावर काढावी. ऑस्ट्रियाचे सैन्य सुमारे 65 हजार, फ्रेडरिकचे जेमतेम 35 हजार. ऑस्ट्रियाच्या उजव्या बगलेसमोर हल्ल्याचा देखावा, दरम्यान मुख्य सैन्याची बुटक्या टेकड्यांच्या आडून दक्षिणेकडे कूच, आणि मग शत्रूच्या डाव्या बगलेवर तिरप्या रांगेत एकवटलेला घाव. दोन रंगांचे खडू आणि तीन बाण एवढ्यात हे समजते, आणि तोंडी वर्णनाने कधीच समजत नाही. दुसरी कुनेर्सडॉर्फ (12 ऑगस्ट 1759). तेथे रशियन व ऑस्ट्रियन फौजांनी त्याचा इतका चुराडा केला, की सुमारे 50 हजारांतले तीनच हजार आपल्याजवळ उरले असल्याचे आणि देशाचा नाश पाहण्यासाठी आपण जगणार नसल्याचे त्याने त्या रात्री मंत्र्याला लिहिले. विजयी सैन्याने पाठलाग केला नाही, म्हणून तो वाचला. 1762 च्या जानेवारीत रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली, तिच्या जागी आलेला तिसरा पीटर फ्रेडरिकचा भक्त निघाला, आणि रशिया युद्धातून बाहेर पडला. 15 फेब्रुवारी 1763 च्या हुबेर्टुसबुर्ग तहाने सायलेशिया प्रशियाकडे राहिले. लष्करी प्रतिभा सांगताना दैव तितक्याच प्रामाणिकपणे सांगावे. ते न सांगणारी व्याख्याने मला चरित्रापेक्षा पोवाड्याच्या जवळची वाटतात.

राज्यकारभाराच्या भागात दंतकथा फार आहेत, आणि येथे वक्त्याची खरी परीक्षा होते. सांसूसीजवळच्या पवनचक्कीच्या मालकाने ‘बर्लिनमध्ये न्यायाधीश आहेत’ असे राजाला सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. तिच्याऐवजी आर्नोल्ड नावाच्या गिरणीवाल्याचा खरा खटला सांगावा, कारण तो अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. आर्नोल्डची पाणचक्की ओढ्यावर चालत असे. वरच्या अंगाला एका जमीनदाराने माशांसाठी तळी खोदली. पाणी कमी झाल्याची तक्रार करून आर्नोल्डने खंड थकवला, चक्की लिलावात गेली आणि न्यायालयांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. डिसेंबर 1779 मध्ये राजाने न्यायाधीशांना समोर बोलावून झापले, चान्सलरला काढून टाकले आणि न्यायाधीशांना तुरुंगात घातले. गरिबाची बाजू घेणारा राजा म्हणून युरोपभर वाहवा झाली. परंतु न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणेच निकाल दिला होता, आणि फ्रेडरिकच्या मृत्यूनंतर त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. श्रोत्यांना विचारावे: येथे अन्याय कोणी केला? दहा मिनिटांची चांगली चर्चा या एका प्रश्नावर होते.

बटाट्याचेही तसेच. 1756 च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांना बटाटा लावण्यास उद्युक्त करण्याचे हुकूम अधिकाऱ्यांना गेले, हे पक्के आहे. शेताभोवती मुद्दाम पहारा ठेवून लोकांना बटाटे चोरण्याचा मोह पाडल्याची कथा मात्र फ्रान्समध्ये बटाट्याचा प्रचारक पार्मेंटिए याच्या नावावरही सांगितली जाते, तेव्हा ती जपून वापरावी. ओडर नदीची दलदल 1747 ते 1753 या काळात उपसून तेथे नवी गावे वसवली, हे काम सांगावे. धान्यकोठारांचा विषय निघाला की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण काढण्याचा मोह सोलापूरच्या वक्त्याला आवरत नाही. तो आवरूही नये, पण फरक स्पष्ट करावा: कथेतल्या दामाजींनी राजाज्ञेविना कोठार उघडून स्वतःचा जीव धोक्यात घातला, तर प्रशियाची कोठारे मूळची सैन्यासाठी होती आणि 1771-72 च्या दुष्काळात ती राजाच्याच हुकमाने रयतेच्या उपयोगी आली. चोरून कॉफी भाजणाऱ्यांना शोधण्यासाठी 1781 नंतर माजी सैनिकांना रस्त्यारस्त्यांवर वास घेत फिरवले, ही गोष्ट खरी आहे. ती सांगितली की सभागृह हसते आणि करपद्धती मात्र लक्षात राहते.

उणी बाजू शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नये, ती प्रत्येक टप्प्याला सोबत यावी. खासगी जमीनदारीतली भूदास पद्धत त्याने मोडली नाही, कारण सैन्यातले अधिकारी त्याच जमीनदारांच्या घरांतून येत. धर्माच्या बाबतीत उदार असलेल्या या राजाने 1750 च्या नियमांनी ज्यूंवर कडक बंधने लादली, आणि तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन या ज्यू विचारवंताची बर्लिनच्या विज्ञान अकादमीवर झालेली निवड मान्य केली नाही. 1772 मध्ये पोलंडची पहिली फाळणी रशिया व ऑस्ट्रियासह त्याने केली. व्होल्तेअर 1750 मध्ये मोठ्या सन्मानाने आला आणि 1753 मध्ये भांडून गेला. परतताना राजाच्या कवितांच्या पुस्तकापायी त्याला फ्रँकफुर्टला अडकवून ठेवण्यात आले. संगीताची बाजू उजळ आहे, आणि मे 1747 मध्ये संगीतकार योहान सेबास्टियान बाखला राजाने दिलेल्या स्वरविषयातून जन्मलेल्या रचनेतील दोन मिनिटे ऐकवता आली, तर अवश्य ऐकवावीत. ध्वनिक्षेपक आधी तपासून घ्यावा.

नावांचे उच्चार एकदा ठरवून सर्वत्र तेच ठेवावेत.

प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे राखावीत आणि दोन उत्तरे तयार ठेवावीत. हिटलरचा प्रश्न येणारच: भूमिगत निवासात त्याने फ्रेडरिकचे चित्र लावले होते आणि 1945 च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारल्यावर 1762 सारखा चमत्कार होईल, अशी आशा त्याच्या गोटात होती. त्यावरून फ्रेडरिकला नाझींचा पूर्वज ठरवणे चूक आहे, आणि त्याला केवळ बासरीवादक तत्त्वज्ञ ठरवणेही तितकेच चूक आहे, असे सरळ सांगावे. दुसरा प्रश्न सायलेशियाचे पुढे काय झाले, हा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बहुतांश पोलंडकडे गेला, ब्रेस्लाऊचे व्रोत्सवाफ झाले, आणि 25 फेब्रुवारी 1947 रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने प्रशिया हे राज्यच कायद्याने बरखास्त केले. वेळ उरलाच, तर त्याच्या थडग्याविषयी सांगावे. सांसूसीच्या बागेच्या टप्प्यावर आपल्या कुत्र्यांशेजारी पुरावे, ही त्याची इच्छा पुतण्याने डावलून त्याला वडिलांशेजारी पुरले, आणि ती 17 ऑगस्ट 1991 रोजी पूर्ण झाली. आता तेथे येणारे लोक फुलांसोबत बटाटे ठेवून जातात.